मुलामुलींच्या मानसिक आरोग्याचे स्क्रीनिंग: प्रश्नावली निवडण्यापासून पाठपुराव्यापर्यंत

वारंवार पोट दुखणे, डोके दुखणे, झोप न लागणे, शाळेत जाण्याची टाळाटाळ किंवा अभ्यासात अचानक झालेली घसरण अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित येतात आणि तरीही तक्रार थांबत नाही, हा अनुभव मुलांवर उपचार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आहे. अशा काही मुलांच्या तक्रारीमागे चिंता किंवा नैराश्य असते. परंतु मूल ते आपण होऊन सांगत नाही, आणि घरचेही त्याला आळस, हट्ट किंवा वयाचा परिणाम समजून सोडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयोगटात दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो आणि यांतील बहुतेक विकार ओळखलेही जात नाहीत. ठरावीक प्रश्नांची, गुण देता येणारी छोटी प्रश्नावली प्रत्येक मुलाला विचारली, तर यांतील काही मुले वेळेवर लक्षात येतात. यालाच स्क्रीनिंग म्हणतात.

बालरोगतज्ज्ञ, कुटुंबाचे डॉक्टर, परिचारिका आणि शाळेतील समुपदेशक यांनी हे काम रोजच्या कामात कसे बसवावे, याचा क्रम येथे दिला आहे. प्रश्नावली निवडणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. बहुतेक ठिकाणी काम अडते ते गुण मोजून झाल्यानंतर, कारण समोर आलेल्या गुणांचे काय करायचे हे कोणी ठरवलेलेच नसते.

पहिली पायरी: प्रश्न विचारण्याआधी पुढची सोय

पहिली प्रश्नावली छापण्यापूर्वी एका कागदावर काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. भरलेली प्रश्नावली कोण वाचणार आणि ती मूल दवाखान्यातून किंवा शाळेतून घरी जाण्यापूर्वीच वाचली जाईल याची हमी कशी राहणार, हे सर्वांत आधी ठरवावे. आत्महत्येच्या विचाराविषयीच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर लिहिलेला कागद दोन दिवस फाइलमध्ये पडून राहणे, हे प्रश्न न विचारण्यापेक्षाही वाईट आहे. मुलाने मदत मागितलेली असते आणि ती कोणी ऐकलेली नसते. त्यानंतर मुलाशी सविस्तर बोलणार कोण, पुढील तपासणीसाठी कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, मानसशास्त्रज्ञाकडे किंवा बालविकास केंद्राकडे पाठवायचे, त्यांच्याकडे वेळ मिळेपर्यंत मुलाची देखभाल कोण करणार आणि तातडीच्या प्रसंगी कोणत्या रुग्णालयात न्यायचे, ही नावे व दूरध्वनी क्रमांक त्याच कागदावर असावेत. ही सोय होत नसेल, तर सरसकट स्क्रीनिंग सुरू करण्याची घाई करू नये. तोवर ज्या मुलाविषयी शंका आहे त्याच्याशी वेळ काढून बोलणे अधिक उपयोगी पडते.

कोणत्या वयात सरसकट विचारावे, यावर तज्ज्ञमंडळांच्या शिफारशी आहेत. प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी सल्ला देणाऱ्या अमेरिकेतील कृती दलाने २०२२ मध्ये १२ ते १८ वर्षे वयोगटात नैराश्यासाठी आणि ८ ते १८ वर्षे वयोगटात चिंताविकारासाठी सर्वांचे स्क्रीनिंग करण्याची शिफारस केली. त्याहून लहान मुलांसाठी पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. मुले व किशोरवयीन यांच्यात आत्महत्येच्या जोखमीचे सरसकट स्क्रीनिंग करण्याबाबतही त्यांनी पुरावा अपुरा मानला, तरीही अनेक रुग्णालये ते करतात. नैराश्याच्या प्रश्नावलीतच तो प्रश्न येत असल्यामुळे व्यवहारात तो टाळताही येत नाही.

दुसरी पायरी: आकड्यांची ताकद आणि मर्यादा समजून घेणे

प्रत्येक प्रश्नावलीला एक कट-ऑफ असतो. तेवढे किंवा त्याहून अधिक गुण आले की निकाल ‘पॉझिटिव्ह’ धरतात. हा निकाल म्हणजे निदान नव्हे, हे सगळेच म्हणतात. परंतु तसे का, हे एका हिशेबातून स्पष्ट होते. समजा, १००० किशोरवयीन मुलांपैकी १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावली खऱ्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांना पकडते आणि निरोगी मुलांपैकी ७८ टक्क्यांना बरोबर वगळते, असे धरू. मग १०० पैकी ९० मुले सापडतील; पण उरलेल्या ९०० निरोगी मुलांपैकी १९८ जणही पॉझिटिव्ह ठरतील. एकूण २८८ पॉझिटिव्ह मुलांत खरे रुग्ण ९०, म्हणजे तिघांमध्ये साधारण एक. उरलेल्या दोघांना औषध सुरू केले किंवा त्यांच्या पालकांना ‘तुमच्या मुलाला नैराश्य आहे’ असे सांगितले, तर चूक साधनाची नसून वापरणाऱ्याची ठरते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की १० आजारी मुले निगेटिव्ह निकाल घेऊन घरी गेली. मूल उदास दिसते, आई काळजीत आहे आणि गुण मात्र कमी आले आहेत, अशा वेळी गुणांवर न थांबता मुलाकडे पाहावे. कमी गुण दाखवून पालकांची शंका मोडीत काढणे हा मला या साधनांचा सर्वांत घातक वापर वाटतो.

तिसरी पायरी: वयानुसार आणि प्रश्नानुसार साधन निवडणे

सुरुवातीलाच दहा प्रश्नावल्या गोळा करू नयेत. एक सर्वसाधारण, एक नैराश्याची आणि एक चिंतेची, अशा तीन नीट वापरता आल्या तरी बहुतेक ठिकाणची गरज भागते.

अगदी लहान वयात प्रश्न असतो तो प्रामुख्याने स्वमग्नतेचा (ऑटिझमचा). १६ ते ३० महिने वयाच्या बालकांसाठी पालकांनी भरायची एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची यादी सर्वत्र वापरली जाते. तिच्यात बहुतेक प्रश्नांना ‘नाही’ हे उत्तर जोखीम दर्शवते, मात्र दुसऱ्या, पाचव्या आणि बाराव्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर जोखीम दर्शवते. मोजताना येथेच गोंधळ होतो. ० ते २ गुण कमी जोखमीचे आणि ८ किंवा अधिक गुण सरळ पुढे पाठवण्याचे मानतात. ३ ते ७ गुण आले, तर जोखमीच्या प्रत्येक उत्तरावर पालकांना ठरलेले उपप्रश्न विचारायचे असतात, आणि त्यानंतरही २ किंवा अधिक गुण राहिले तरच निकाल पॉझिटिव्ह धरायचा. ही दुसरी फेरी अनेक ठिकाणी गाळली जाते. त्यामुळे अनेक कुटुंबे विनाकारण धास्तावतात आणि तज्ज्ञांकडील रांग वाढते.

शाळकरी वयासाठी सर्वसाधारण साधने दोन आहेत. पीएससी या ३५ प्रश्नांच्या यादीत प्रत्येक उत्तराला ० ते २ गुण असतात. पालकांनी भरलेल्या यादीचा कट-ऑफ ६ वर्षांपुढे २८ आहे आणि मुलाने स्वतः भरलेल्या यादीचा ३०. तिची १७ प्रश्नांची लहान आवृत्ती गर्दीच्या ठिकाणी सोयीची पडते. तिचा एकूण कट-ऑफ १५ असून उदासी-चिंता, लक्ष आणि वर्तन असे तीन उपविभाग वेगळे मोजता येतात. दुसरे साधन म्हणजे रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली एसडीक्यू ही २५ प्रश्नांची प्रश्नावली. भावना, वर्तन, चंचलता व लक्ष, सवंगड्यांशी संबंध आणि इतरांशी सहकार्याची वृत्ती असे तिचे पाच भाग आहेत. एकूण अडचणींचे गुण पहिल्या चार भागांवरूनच काढायचे असतात, पाचवा भाग त्यात मिळवायचा नसतो. पालक, शिक्षक आणि ११ वर्षांवरील मूल यांच्यासाठी स्वतंत्र आवृत्त्या असून त्यांचे कट-ऑफही वेगळे आहेत: जुन्या त्रिस्तरीय (सामान्य, सीमेवरचे, जास्त) वर्गीकरणात पालकांच्या आवृत्तीत १७ पासून गुण जास्त मानले जातात, शिक्षकांच्या आवृत्तीत १६ पासून आणि मुलाच्या स्वतःच्या आवृत्तीत २० पासून. एकीचे कोष्टक दुसरीला लावले, तर निकालच बदलतो.

नैराश्यासाठी १२ वर्षांपुढे पीएचक्यू-९ ची किशोरवयीनांसाठी बदललेली आवृत्ती वापरावी. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. या आवृत्तीत उदासीच्या प्रश्नात चिडचिडेपणाचाही उल्लेख केलेला आहे आणि तो महत्त्वाचा आहे, कारण या वयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडण्यातून दिसते. प्रौढांसाठी १० हा कट-ऑफ रूढ असला, तरी किशोरवयीनांवरील अभ्यासात ११ हा अधिक योग्य आढळला. वेळ फारच कमी असेल, तर पहिले दोनच प्रश्न विचारून ३ किंवा अधिक गुण आल्यास उरलेले विचारता येतात. मात्र त्या दोन प्रश्नांत आत्महत्येच्या विचाराचा प्रश्न येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

चिंतेसाठी ८ ते १८ वर्षे वयोगटात स्केर्ड ही ४१ प्रश्नांची यादी उपयोगी आहे. तिचा कट-ऑफ २५ आहे आणि एकूण गुणांपेक्षा तिचे उपविभाग अधिक बोलके आहेत: घाबरण्याचे झटके, सततची काळजी, आईवडिलांपासून दूर होण्याची भीती, चारचौघांत वावरण्याची भीती आणि शाळा टाळणे. शाळेत न जाणाऱ्या दोन मुलांचे एकूण गुण सारखेच असू शकतात, पण एकाला आईला सोडवत नसते आणि दुसऱ्याला वर्गात उभे राहून बोलायची धास्ती असते. दोघांचे उपचार वेगळे असतात. जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी मुळात प्रौढांसाठी तयार झाली. मोठ्या किशोरांत ती चालते, लहान मुलांत ती वापरू नये.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणे व अतिचंचलता यांच्या विकारासाठी ६ ते १२ वर्षे वयोगटात व्हँडरबिल्ट प्रश्नावली पालक आणि शिक्षक या दोघांकडूनही भरून घ्यावी लागते, कारण लक्षणे दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्याशिवाय हे निदान होत नाही. व्यसनांसाठी १२ ते २१ वर्षे वयोगटात क्राफ्ट हे सहा प्रश्नांचे साधन आहे. दोन किंवा अधिक ‘हो’ आल्यास पुढे विचारपूस करावी. मद्य किंवा अमली पदार्थांच्या नशेत असलेल्या कोणी चालवलेल्या वाहनात बसलास का, हा त्यातील पहिला प्रश्न व्यसन न करणाऱ्या मुलालाही विचारायचा असतो.

चौथी पायरी: प्रश्नावली भरून घेताना

किशोरवयीन मुलाला आईच्या शेजारी बसवून नैराश्याची प्रश्नावली भरायला दिली, तर ती आईला दाखवण्यासाठी भरली जाते. म्हणून त्याला वेगळी जागा द्यावी, पालकांना त्यांची आवृत्ती दुसरीकडे भरू द्यावी आणि दोन्ही कागद वेगवेगळे परत घ्यावेत. देताना प्रस्तावना लहान आणि सरळ असावी. उदाहरणार्थ: “या वयाच्या सगळ्या मुलांना आम्ही हे प्रश्न विचारतो. यात बरोबर किंवा चूक असे उत्तर नाही. तू लिहिलेले मी स्वतः वाचणार आहे आणि ते आपल्यातच राहील. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, किंवा तुला कोणी इजा करत आहे असे कळले, तर तुझ्या सुरक्षिततेसाठी मला ते सांगावे लागेल, आणि कोणाला सांगायचे हे मी आधी तुझ्याशी बोलेन.” गोपनीयतेची मर्यादा उत्तर मिळण्याआधी सांगायची असते. नंतर सांगितली तर मुलाला फसवल्यासारखे वाटते आणि पुढच्या भेटीत ते काहीच लिहीत नाही.

प्रत्येक साधनाचा कालावधी वेगळा असतो आणि तो तोंडी सांगावा. पीएचक्यू गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारते, स्केर्ड गेल्या तीन महिन्यांविषयी आणि एसडीक्यू गेल्या सहा महिन्यांविषयी. परीक्षेच्या आठवड्यात भरलेल्या पीएचक्यूचे गुण परीक्षेमुळेही चढलेले असू शकतात. असे वाटल्यास परीक्षा संपल्यावर ती पुन्हा भरून घ्यावी, मात्र आत्महत्येच्या विचारासंबंधीचे उत्तर त्यासाठी थांबवून ठेवू नये.

भाषांतराविषयी आग्रह धरावा. मुलाच्या भाषेतील अधिकृत, तपासलेले भाषांतर उपलब्ध असेल तेच वापरावे. एसडीक्यूसारख्या साधनांत शब्द बदलण्याची परवानगीही नसते. वाचता न येणाऱ्या मुलाला प्रश्न आहे तसा वाचून दाखवावा, तो सोपा करण्याच्या नादात “तू उदास नाहीस ना?” असा नकारार्थी प्रश्न झाला, की उत्तर ठरूनच जाते.

पाचवी पायरी: गुण मोजणे आणि विसंगती वाचणे

कागद हातात आल्यावर बेरीज करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: आत्महत्येविषयीचा प्रश्न, रिकामे सोडलेले प्रश्न आणि ‘या अडचणींमुळे अभ्यास, घर किंवा मैत्री यांत किती त्रास होतो’ हा शेवटचा प्रश्न. पीएससीमध्ये चार किंवा अधिक प्रश्न रिकामे असतील तर ती बाद धरतात. सगळ्या उत्तरांवर एकाच रकान्यात सरळ रेघ ओढलेली असेल, तर ती वाचून न भरलेली असण्याची शक्यता मोठी असते.

पालक, शिक्षक आणि मूल यांची उत्तरे जुळत नाहीत, हा नियमच समजावा. थॉमस अकेनबॅक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मुलाचे स्वतःचे उत्तर आणि इतरांचे उत्तर यांतील सहसंबंध (पूर्ण जुळणी म्हणजे १) सरासरी केवळ ०.२२ आढळला; पालक आणि शिक्षक यांसारख्या वेगवेगळ्या भूमिकांतील प्रौढांमध्येही तो ०.२८ इतकाच होता. म्हणून कोण खोटे बोलत आहे हा शोध निरर्थक आहे. भांडणे, उचापती आणि चंचलता मोठ्यांना अधिक दिसते. भीती, अपराधीपणा आणि मरणाचे विचार मुलालाच ठाऊक असतात. मुलाचे गुण जास्त आणि पालकांचे शून्य असतील, तर मुलावर विश्वास ठेवून पुढे जावे. घरी शांत असलेले मूल फक्त शाळेत आक्रमक होत असेल, तर वर्गात काय घडते, छळ होतो का, अभ्यासच झेपत नाही का, याची चौकशी करावी.

सहावी पायरी: आत्महत्येच्या विचाराचे उत्तर ‘हो’ आले तर

विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात भरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. एकूण गुण कितीही कमी असले, तरी या एका उत्तराला त्याच भेटीत प्रतिसाद द्यायचा असतो. त्यासाठी एएसक्यू हे चार प्रश्नांचे साधन वापरता येते: गेल्या काही आठवड्यांत मरून जावे असे वाटले का, आपण नसतो तर आपले किंवा घरच्यांचे बरे झाले असते असे वाटले का, गेल्या आठवड्यात स्वतःला मारण्याचे विचार आले का, आणि कधी तसा प्रयत्न केला होता का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आले, किंवा मुलाने उत्तर द्यायचे नाकारले, तरी निकाल पॉझिटिव्ह धरून पाचवा प्रश्न विचारायचा: आत्ता, या क्षणी तसे विचार येत आहेत का?

‘आत्ता’चे उत्तर ‘हो’ असेल, तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, खोलीतील धोकादायक वस्तू हलवाव्यात, पालकांना बोलवावे आणि संपूर्ण मानसोपचार तपासणी होईपर्यंत त्याला घरी पाठवू नये. ‘नाही’ असेल, तरी घरी जाण्यापूर्वी थोडक्यात सुरक्षितता-तपासणी करावी: विचार किती वेळा येतात, काही बेत आखला आहे का, पूर्वी काय घडले, आणि जगायला धरून ठेवणारे कोण व काय आहे. मग मुलाबरोबर बसून सुरक्षिततेचा लेखी आराखडा करावा. त्रास वाढत असल्याची चिन्हे, तेव्हा स्वतः करायच्या गोष्टी, फोन करता येतील अशी माणसे, तातडीची मदत मिळण्याचे क्रमांक आणि घरातील औषधे, कीटकनाशके, शस्त्रे कुलूपबंद ठेवण्याची पालकांनी घेतलेली जबाबदारी, हे सगळे त्यात लिहिलेले असावे. ‘मी असे काही करणार नाही’ असे वचन लिहून घेण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी; तिने संरक्षण मिळते असा पुरावा नाही, आणि वचन मोडायला नको म्हणून मूल पुढचे सांगणे मात्र बंद करते.

सातवी पायरी: गुणांनंतरचे बोलणे आणि निर्णय

पॉझिटिव्ह निकालानंतर पहिले वाक्य गुणांविषयी नसावे. मुलाने लिहिलेल्या एखाद्या उत्तरापासून सुरुवात करावी: “झोपेचा त्रास रोज होतो असे तू लिहिले आहेस, त्याविषयी सांग.” घर, शाळा, मित्र, आवडीनिवडी, व्यसने, नातेसंबंध, मनःस्थिती आणि सुरक्षितता या क्रमाने सोप्याकडून अवघडाकडे जावे. घरात मारहाण किंवा लैंगिक छळ होत असल्याचे कळले, तर त्या ठिकाणच्या बालसंरक्षण कायद्यानुसार कळवणे बंधनकारक असू शकते. ते नियम पहिल्या पायरीच्या कागदावर आधीच लिहिलेले असावेत.

निदानाकडे जाण्याआधी शारीरिक कारणे पाहावीत. थकवा आणि निरुत्साह यांमागे रक्तक्षय किंवा थायरॉइडची कमतरता असू शकते. धडधड आणि बेचैनी यांमागे थायरॉइडचा अतिरेक किंवा उत्तेजक पेये असू शकतात. लक्ष न लागण्यामागे कमी ऐकू येणे, कमी दिसणे, अपुरी झोप किंवा अपस्माराचे लहान झटके असू शकतात. नैराश्याचे औषध सुरू करण्याचा विचार असेल, तर कधी झोपेची गरजच न वाटता अनेक दिवस अति उत्साह होता का आणि घरात कोणाला द्विध्रुवी (बायपोलर) विकार आहे का, हे न विसरता विचारावे.

सौम्य गुण असतील आणि रोजचे जगणे फारसे अडत नसेल, तर झोप, व्यायाम आणि शाळेतील ताण यांवर काम करून दोन ते चार आठवड्यांत पुन्हा भेटावे. गुण जास्त असतील, शाळा सुटत चालली असेल, व्यसन जोडीला असेल किंवा भास-भ्रमाची लक्षणे दिसत असतील, तर तज्ज्ञांकडे पाठवावे. पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नये. शक्य असेल तर भेटीची वेळ समोरच ठरवून द्यावी आणि त्या तारखेनंतर घरी फोन करून मूल गेले की नाही हे विचारावे. पाठवलेली अनेक मुले पोहोचतच नाहीत आणि कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

आठवी पायरी: नोंद आणि पुनरावृत्ती

प्रत्येक वेळी साधनाचे नाव, आवृत्ती, कोणी भरली, तारीख, एकूण व उपविभागांचे गुण आणि घेतलेला निर्णय अशी नोंद ठेवावी. ‘पीएचक्यू पॉझिटिव्ह’ एवढ्या नोंदीवरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. उपचार सुरू झाल्यावर तीच प्रश्नावली ठरावीक अंतराने पुन्हा भरून घेतली, तर सुधारणा मोजता येते. मात्र सहा महिन्यांविषयी विचारणारे साधन दोन आठवड्यांनी पुन्हा देण्यात अर्थ नसतो, त्यासाठी एसडीक्यूची पाठपुराव्यासाठीची वेगळी आवृत्ती आहे. निगेटिव्ह आलेल्या किशोरवयीन मुलाला वर्षातून एकदा, आणि मृत्यू, आईवडिलांचे वेगळे होणे, स्थलांतर किंवा दीर्घ आजारपण यांसारख्या घटनेनंतर त्याआधीही, पुन्हा विचारावे. किती मुलांना प्रश्नावली दिली, किती पॉझिटिव्ह आली, त्यांपैकी किती जणांशी त्याच दिवशी बोलणे झाले आणि किती तज्ज्ञांपर्यंत पोहोचली, हे चार आकडे दर महिन्याला काढावेत. पहिल्या आणि चौथ्या आकड्याच्या मध्ये मुले कोठे गळतात हे दिसले, की पहिल्या पायरीचा कागद त्याप्रमाणे दुरुस्त करता येतो.